शेवग्यावरचा छोटा सुतार

मित्रांनो, डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या कुंपणाशी उभा असलेला जुना शेवगा मी. कलावती मावशींनी गावाहून आणलेली हातभर फांदी इथे मातीत खोचली आणि मी रुजलो. बावीस वर्षं साऱ्या बिऱ्हाडांना शेंगा दिल्या. तेव्हा माझं फार कौतुक होतं. मग माझी एक फांदी वाळली आणि मी डोळ्यांत खुपू लागलो.

त्या फांदीखाली गाड्या लावत. सेक्रेटरी सुधीरराव म्हणाले, पावसाळ्याआधी ती तोडलेली बरी. त्यात चूक काहीच नव्हतं. माणूस कोयता घेऊन आलाही. तेवढ्यात कलावती मावशी खाली आल्या.

"थांब रे बाबा. तिथं सुताराची पिल्लं आहेत."

सुधीररावांना हसू आलं. सुतार पक्षी म्हणजे सोनेरी पाठ आणि लाल तुरा, हे त्यांनी चित्रात पाहिलेलं.

"मावशी, इथं ये-जा करते ती चिमणी आहे हो."

"चिमणी फांदीवर बसते. हा फांदीला चिकटतो. शेंगा हेरताना बरोबर वर बघता, आताही बघा."

सुधीररावांनी मान वर केली. पक्षी आला, चिमणीएवढाच. डोकं तपकिरी, पाठीवर काळेपांढरे पट्टे, पोटावर बारीक रेघा. आखूड शेपटीचा टेकू घेत तो सरसर वर चढला आणि फांदीच्या खालच्या अंगाला उलटा लटकला. तिथे रुपयाएवढं भोक होतं. चोचीतली अळी आत गेली आणि आतून चिरचिर ऐकू आली. मला ती रोज ऐकू यायची. सुधीररावांनी पहिल्यांदाच ऐकली. मान अवघडली तरी ते बघत राहिले.

"साहेब, तोडू ना?" कोयतेवाल्याने विचारलं.

"पिल्लं उडाल्यावर ये," ते म्हणाले आणि आधी स्वतःची स्कूटर हलवली.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोडाला त्यांच्या अक्षरातला पुठ्ठा लटकला होता: 'येथे गाडी लावू नये. वर बाळंतीण आहे.'

पंधरा दिवसांत पिल्लं उडाली. फांदी छाटली, पण मावशींच्या सांगण्यावरून हातभर खुंट राखला. यंदा त्याच खुंटावर पुन्हा हलकी टकटक चालू आहे, नखाने दार वाजवावं तशी.

मित्रांनो, वाळली फांदी दिसली तर कोयत्याआधी मान वर करा. आमचा पुठ्ठा सुधीररावांनी जपून ठेवलाय. परवाच तो पुन्हा लटकलाय.