धनीबाईची गोरी म्हैस

फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या धनीबाईला सहसा कशाची किळस येत नसे. शेणात हात घालताना किंवा म्हशीची वार ओढताना तिचं तोंड कधी वाकडं झालं नाही. पण नातीच्या होणाऱ्या सासूनं, दिग्रसच्या मानीबाईनं, धाडलेली डबी उघडली आणि म्हातारीचं तोंड वाकडं झालं.

डबीवर छापलं होतं, ज्येष्ठमध आणि मंजिष्ठेच्या अर्कानं त्वचा उजळवणारं क्रीम. सोबत निरोप होता, पोरीचा रंग उघडला की सगाईला येऊ.

"ज्येष्ठमध खोकल्याले चाटवतेत," धनीबाई म्हणाली. "पोरीच्या तोंडाले काय खोकला झाला?"

"लावू दे न दादी," संगीता म्हणाली. "मले तो पोरगा पसंत हाये."

नात आरशासमोर ते लिबलिबीत चोळत बसली की म्हातारी ताट सरकवून उठायची. आपली पोर आपल्याच हातानं स्वतःला पुसून काढते आहे, हे तिला बघवेना. एका दुपारी तिनं उरलेलं सगळं क्रीम बोटांनी उपसलं आणि म्हशीच्या पाठीला फासलं.

सकाळी गोठ्यात मुळ्यासारखी पांढरीफेक म्हैस. तांड्यावर कुणालाही विचारा; जे नाही म्हणतील ते त्या दिवशी बाजाराला गेले होते. दूधपिती वगार आईला हुंगून लांब जाऊन उभी राहिली आणि हंबरत सुटली.

तेवढ्यात रंग बघायला मानीबाई टपकली. आता हिला लाज वाटेल, म्हणून धनीबाईनं तिला थेट गोठ्यात नेलं.

"पाहा बाई तुमचं क्रीम. इची लेक इले ओयखत नाही."

मानीबाईनं म्हशीच्या पाठीवरून बोट फिरवलं. तिचे डोळे चमकले.

"एका रातीत? अन् पोरीले कवापासून लावून राह्यले तुमी? उद्याच चार डब्या धाडतो."

"अन् ह्या वगारीचं?"

"तिलेबी लावा थोडं."

असं म्हणत तिनं बोटाचा चिकटा आपल्याच गालाला चोळला. चहा घेऊन आलेली संगीता दारातच थबकली.

"मामी, गालाले शेण लागलं तुमच्या."

"राहू दे. आतमंदी क्रीम हाये त्याच्यात."

संगीतानं त्या गालाकडं पाहिलं. तोंडाला पदर लावला. चहाचा कप होता तसाच आत नेला आणि बाहेर येऊन रांजणाजवळ साबणानं तोंड खसाखसा धुतलं.

"पोराले सांगा," ती ओल्या तोंडानं म्हणाली, "दुसरी पाह्य म्हना."

दिग्रसच्या बसच्या टपावरही त्या दिवशी माणसं बसली होती म्हणतात. मानीबाईच्या शेजारची जागा मात्र शेवटपर्यंत रिकामी राहिली.