सौ. की गं. भा.?

“सौ. घालू की गं. भा.?” केदारीनं टाक दौतीत बुडवत विचारलं.

अंजनी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. बेळगावच्या कचेरीसमोर चिंचेखाली बसून केदारी दुनियेचे अर्ज लिहायचा. एरवी बाईचं कपाळ बघायचं आणि लिहून मोकळं व्हायचं, त्यात विचारायचं काय? पण शहापुरातल्या या विणकराच्या लेकीची कर्मकथा सगळ्यांना ठाऊक होती. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. तो कडोलीत मिशीला पीळ देत हिंडत होता. हिनं बापाघरी राहून मराठी फायनल पास केली होती, आणि आता निपाणीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी होती.

“नुसतं नाव लिवा,” अंजनी म्हणाली.

“नुसत्या नावाचा नमुना न्हाय गं माझ्याकडं. सौ. लिवलं की नवऱ्याची संमती पायजे. कुमारी तू न्हाईस. ऱ्हायली गं. भा. ‘निराधार विधवा आहे, मायबापांनी पदरात घ्यावे,’ असं दोन वळी लिवतो. दगडाला पाझर फुटंल बघ.”

“जित्या माणसाला मारू व्हय?”

“कागदावर गं! कागदावर मेलेल्याला कोण रडत बसतंय?”

अंजनीच्या अंगाची लाहीलाही झाली. संमती मागायला तिचा बाप मारुतीराव परवाच कडोलीला जाऊन आला होता. जावयानं ओसरीवरसुद्धा बसवलं नाही. ‘ती नोकरीला लागली तर माझं नाक कापलं जाईल,’ म्हणाला. नाक म्हणे! बायकोला हाकलताना हे नाक बरं शाबूत राहिलं होतं!

ती तडक उठली. घरी येऊन तिनं आपल्या हातानं अर्ज लिहिला. नाव, परीक्षा, काय काय शिकवता येतं ते. नवरा आहे, त्यानं टाकलं आहे, हेही सरळ लिहिलं. दयेचा एक शब्द घातला नाही. पाकीट बापाच्या, आप्पाच्या हातात देऊन म्हणाली, “टपालात टाका.” मारुतीरावाला अक्षरओळख नव्हती. त्यानं पाकीट दोन्ही हातांनी धरलं आणि मान हलवली.

पुढच्या महिन्यात निपाणीहून बोलावणं आलं. सर्व्हिस मोटारीत मारुतीराव सारखा चुळबूळ करत होता. शाळेच्या दारात म्हणाला, “पदर जरा म्होरं घे बाय. कपाळ झाकूदे.”

“का वं?”

“थोरामोठ्यांम्होरं जायचंय,” म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

कमिटीचे अध्यक्ष अप्पासाहेब तंबाखूचे बडे व्यापारी. त्यांनी तिला कविता म्हणायला लावली, हिशेब घातले, आणि खूश होऊन शेजारच्या सभासदांकडं बघितलं. पंख्याच्या वाऱ्यानं पदर मागं सरला. अप्पासाहेबांची नजर कुंकवावर खिळली.

“हे काय बाई? अर्जात तर तुम्ही विधवा!”

त्यांनी कागद पुढं सरकवला. अक्षर केदारीचं. वर गं. भा., खाली ‘निराधार’, आणि सहीच्या जागी पालक म्हणून बापाचा अंगठा. अंजनीनं मान वळवली. दाराबाहेर बाप भिंतीला टेकून उभा होता. ‘कुंकू सवयीनं लावलं,’ एवढं म्हटलं असतं तरी नोकरी पदरात होती.

“माझा नवरा जिवंत आहे,” ती म्हणाली. “कडोलीला असतो. दुसरी बायको केलीय त्यानं.”

“मग अवघड आहे,” अप्पासाहेबांनी कागदाची घडी घातली. “विधवा चालली असती. विधवेचा काही दोष नसतो.”

“आणि माझा काय दोष?”

“ते तुमच्या नवऱ्याला माहीत. उगाच कोण बायको टाकतं?”

“मग त्यालाच बोलवून घ्या!” अंजनीचा आवाज वर्गाबाहेर गेला. “त्याला सगळं माहीत आहे ना? त्यालाच करा मास्तर!”

परतीची मोटार संकेश्वराला थांबली. मग मारुतीराव हलकेच म्हणाला, “तुझं पाकीट केदारीला दावलं. त्यो म्हणाला, पोरीचा कागद कोण वाचायचा न्हाय, आन् दुसरा लिवून दिला. तुझ्या पोटाची सोय व्हावी म्हणून केलं गं. त्या भाड्याला मारलं कागदावर, त्यात काय पाप लागलं?”

“त्याला मारायचं हुतं तर खुशाल मारायचं, आप्पा,” अंजनी खिडकीबाहेर बघत म्हणाली. “मला का मारलं?”



घरी आई गुणाबाई उंबऱ्यातच उभी होती. “काय झालं गं? लागली का नोकरी?”

अंजनी काही बोलायच्या आत बापच म्हणाला, “तिला इच्यारू नगंस. ती पास झाली. मी नापास झालो.” आणि पायताण काढून तो मागाच्या खोलीत गेला.

अंजनी चुलीपुढं बसली. तिचा राग अजून उतरला नव्हता. उतरायलाही नको होता. आता मागावर धोटा इकडून तिकडं पळू लागेल, खटाखट आवाजानं घर भरेल, म्हणजे मनासारखं चिडता येईल, रडताही येईल. ती वाट बघत राहिली. भात शिजला, आईनं ताटं मांडली. मागाचा आवाज आला नाही. तिनं दारातून डोकावून बघितलं. बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, अर्धवट लुगड्यावर दोन्ही हात ठेवून बसला होता, आणि आपल्या अंगठ्याकडं बघत होता.