खोलीचा आवाज

सोफ्याच्या पायाशी, गालिच्यात अडकलेली ती काळी स्पंजची गोळी – जांभळाएवढी, एका बाजूनं पोकळ – मुक्तानं चिमटीत धरून दाबली. दबली, आणि सोडल्यावर पुन्हा फुगली, जसं काही झालंच नाही. माइकची टोपी. गेल्या मंगळवारी शूटिंगच्या वेळी आवाज टिपणाऱ्या त्या पांढऱ्या दाढीच्या माणसानं तिच्या कुर्त्याच्या गळ्याशी माइक लावला होता, त्याची. स्वरालीला आधी सापडली असती तर सरळ तोंडात गेली असती. साडेतीन वर्षांची झाली तरी अजून सगळं तोंडात... मग घसा, मग निळा पडत जाणारा चेहरा... या विचाराची तिच्या डोक्यात पायवाटच पडलेली आहे. वस्तू कुठलीही असो, द्राक्ष, बटण, पेनाचं टोपण, तो आपला त्याच वाटेनं चालायला लागतो आणि शेवटपर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही. तिनं ती गोळी कचऱ्यात टाकली. मग पुन्हा काढून उंचावरच्या फळीवर ठेवली. दुसऱ्याची वस्तू.

साडेनऊ. स्वरालीला बालवाडीत सोडून आल्याला दहा मिनिटं झाली, सव्वाबाराला आणायचं. साडेदहाला कोरिना येणार, तो कार्यक्रम करणारी.

फोन वाजला. निमिष. आठवड्यातले तीन दिवस तो ॲथलोनहून पहाटेच्या गाडीनं डब्लिनला जातो, ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात, आणि पहिल्या कॉफीला फोन करतो.

"येऊन गेली का गं ती बाई?"

"अजून वेळ आहे."

"प्रोग्रॅमची तारीख विचार ना नक्की. आई रोज डोकं खातेय. सोसायटीच्या ग्रुपवर टाकूनसुद्धा झालं तिचं – आमची सून आयर्लंडच्या टीव्हीवर."

"अरे, इतक्यात कशाला सांगायचं सगळ्यांना?"

"का? आणि तो धुरीचा किस्सा ठेवलाय ना? तो हिट आहे बघ. त्यावर कात्री चालवू नका म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली.

धुरीचा किस्सा. तो ती आता झोपेतही सांगू शकेल: बाळंतपणाला पुण्याहून आई आली, आईनं ओवा आणि वेखंडाची धुरी केली, धुराचा अलार्म वाजला, आख्खी इमारत पायजम्यांवर रस्त्यात, आणि खालच्या मजल्यावरची मिसेस ड्वायर म्हणाली, तुझी आई ग्रँड आहे गं – इथे ‘छान’ला ग्रँडच म्हणतात – पण वर सामन मासा धुरावतेय की काय? लोक हसतात. कॅमेऱ्यासमोरही तिनं तो छान सांगितला – पॉज घेऊन, आईचा आवाज काढून. माहेरापासून लांब बाळंत झालेल्या बायका, असा कोरिनाच्या नव्या मालिकेचा विषय आहे. आई तीन महिने राहून परत गेली, मग जड गेलं का? गेलं थोडं. सवय झाली. झालं की सगळं. दीड तास. कोरिना म्हणाली, थँक्स, सुंदर. आणि मग तो दाढीवाला म्हणाला, अर्धा मिनिट कोणी बोलू नका, खोलीचा आवाज घ्यायचाय.

मला माहीत होतं. हे मी कोणाला सांगू शकत नाही, पण मला माहीत होतं...

पाच वर्षांपूर्वी, इथल्याच विद्यापीठात, माध्यमांच्या वर्गात कोरिना पाहुणी म्हणून आली होती आणि मुक्ता पुढच्या रांगेत बसली होती. सर तिची ओळख वाचून दाखवत होते: रोमानियातल्या अनाथालयातून दोन वर्षांची असताना इथल्या रॉसकॉमनच्या एका शेतकरी जोडप्यानं दत्तक आणलेली, सोळाव्या वर्षी गावच्या साप्ताहिकात गुरांच्या बाजाराचे भाव आणि मयतांच्या सूचना, मग स्थानिक रेडिओवर सकाळच्या बातम्या, मग डब्लिनला सहा वर्षं, दुसऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी बोलणारी माणसं शोधून द्यायची, नाव शेवटी बारीक अक्षरात, आणि मग स्वतःच्या जन्मदात्या आईला शोधत गेल्याचा तो एक तासाचा माहितीपट, ज्यानं सगळं बदललं. त्यानंतर वृद्धाश्रम, निर्वासितांची वसतिगृहं, बक्षिसं, स्वतःची कंपनी. कोरिना मात्र हे ऐकत खिडकीबाहेर बघत होती. तिनं फक्त एकच गोष्ट सांगितली. प्रत्येक खोलीला तिची स्वतःची शांतता असते, फ्रिजची, पाइपांची, माणसांच्या श्वासांची. मुलाखत संपली की ती तीस सेकंद मुद्दाम टिपून ठेवतात, संकलनात जोड लपवायला. रूम टोन. माझ्या आईला मी दोन तास प्रश्न विचारले, ती म्हणाली. तिचं एकच उत्तर, दिवसच तसे होते. मग आम्ही गप्प बसलो. आणि त्या तीस सेकंदांत, माझ्याकडे न बघता, ती दुभाष्या बाईला म्हणाली – तिला विचार, तिचा डावा कान अजून दुखतो का?

वर्गात कोणी हललं नाही. "माणसं प्रश्नांना घाबरत नाहीत," कोरिना म्हणाली होती. "प्रश्न संपले की घाबरतात."

बाहेर आल्यावर नागपूरचा अनीश म्हणाला होता, "या बाईसमोर बसलं ना, तर माणूस एटीएमचा पिनपण सांगेल बघ," आणि मुक्ता हसली होती, मोठ्यानं.

म्हणजे कोरिनानं तिला फसवलं, असं म्हणायची सोय नाही. त्या मंगळवारी फ्रिज गुणगुणत होता. दाढीवाला मान खाली घालून आवाज मोजणाऱ्या सुयांकडे बघत होता. दहा सेकंद झाले असतील – आणि आपलाच आवाज, इंग्रजीत, अगदी सपाट: मी एकदा तिला सोडून गेले होते. चाळीस मिनिटं. ती झोपली होती, तीन महिन्यांची. मी दार ओढून घेतलं. कोरिनानं मान हलवली नाही, डोळेही मोठे केले नाहीत. शेवटी दाढीवाला खाकरला आणि म्हणाला, सॉरी, पुन्हा घ्यावं लागेल. आणि ते सगळे आणखी तीस सेकंद बसून राहिले, या वेळी मुक्ता गप्प...

बेल वाजली.

कोरिना भिजून आली होती. कोट खुर्चीला अडकवून ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. "तुझा तो आल्याचा चहा चालेल. कप कुठल्या प्रेसमध्ये? ह्यात?" कपाटाचं दार उघडत ती म्हणाली, कपाटाला प्रेस म्हणणाऱ्या इथल्या अस्सल मिडलंड्सच्या हेलात, रोमानिया तिच्यात कुठे असेल तर तो फक्त भुवयांत. मग स्वरालीच्या ठेंगण्या स्टुलावर गुडघे वर घेऊन बसली आणि टेबलावर दोन कागद ठेवले. फोन पालथा ठेवला. मुक्तानं ते पाहिलं. ती सगळंच बघते – पालथे फोन, उघड्या खिडक्या, उकळत्या भांड्यांचे कान.

"प्रोग्रॅमचे दोन कट आहेत," कोरिना म्हणाली. "एकात ते वाक्य आहे, एकात नाही. हवा त्याच्या संमतीपत्रावर सही कर. शुक्रवारपर्यंत."

"तुला कुठला बरा वाटतो?"

"ते असलेला." जराही न थांबता. "दुसऱ्यात काय, धुराची गंमत. लोक हसतील आणि विसरतील."

"निमिषला माहीत नाही."

"हं."

"माझ्या सासूबाईंनी सगळ्या सोसायटीला सांगितलंय. आणि... कोणी तक्रार केली तर? बालसंरक्षण खात्याची माणसं दारात येऊन..." हे वाक्य तिनं साडेतीन वर्षांत कधी मोठ्यानं पूर्ण केलेलं नव्हतं; आत्ताही केलं नाही.

"वकिलाला विचारलंय. त्याला भीती वाटत नाही. पण मी खात्री देणार नाही, खोटं कशाला बोलू?"

पाऊस खिडकीला लागत होता. मुक्ताला वाटलं, विचारू नये. तिनं विचारलं.

"तुझ्या आईनं केली होती सही?"

कोरिनानं कप फिरवला. "केली होती. चेहरा दाखवायचा नाही आणि आवाज बदलायचा, या अटीवर. तिच्या नवऱ्याला, मुलांना माझ्याबद्दल माहीत नव्हतं. सगळीकडे बदलला आवाज. पण ते कानाचं वाक्य... बदललेल्या आवाजात ते मरत होतं. मी पंधरा वेळा करून पाहिलं. म्हणून तेवढं एक वाक्य तिच्या खऱ्या आवाजात ठेवलं. पाच सेकंद. आयर्लंडची फिल्म तिच्या गावात कोण बघणार?"

"मग?"

"मग काय, बक्षीस मिळालं." ती हसली, ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "कोणीतरी तेवढाच तुकडा इंटरनेटवर टाकला. गावानं आवाज ओळखला. आता ती बहिणीकडे राहते. माझा फोन उचलत नाही. आठ वर्षं."

मुक्ता तिच्याकडे बघत राहिली. खरं आहे हे? की हीसुद्धा पद्धत – आधी आपलं उघडं करून दाखवायचं, की समोरच्याचं आपोआप... आणि दोन्ही असेल तर? माणूस रडत असताना त्याला आपलं रडणं बघता येत असेल, त्याचा उपयोग कळत असेल, तर ते खोटं ठरतं का? स्वरालीला घट्ट धरून मी डॉक्टरांसमोर बसते तेव्हा मला दिसत नसतं का, मी कशी दिसतेय ते? आणि मग दुसरीच एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिचे कान गरम झाले: निमिषसमोर, आईसमोर, बाळंतिणीच्या मनाची चौकशी करणाऱ्या डॉक्टरांच्या त्या दहा प्रश्नांच्या कागदासमोर जे तोंडून निघालं नाही ते या बाईसमोर निघालं, कारण ही सोडून दिलेली मुलगी आहे. जगात कोणाला माफ करायचा अधिकार असेल तर हिला. तीस सेकंद मी हिच्याकडून माफीची वाट बघत होते. आणि ही आवाज घेत होती.

"एक विचारू?" कोरिना म्हणाली. "रेकॉर्डिंग नाही." तिनं फोन उलटून दाखवला, पडदा काळा होता. "त्या दिवशी परत का आलीस?"

"म्हणजे? ती एकटी होती म्हणून."

"हो. बरोबर." कोरिनानं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, कोट चढवला. दारात मुक्ताच्या दंडाला नुसता हात लावला. "शुक्रवार. आणि काहीच नको असेल तर तेही चालेल. माझी पंचाईत होईल, पण चालेल."

बारा वाजता मुक्ता निघाली. कागद टेबलावरच. पाऊस ओसरला होता, पूल ओलांडताना शॅनन नदी तपकिरी आणि भरलेली, खाली बांधाशी पाणी पडण्याचा तोच एकसुरी आवाज – इथेच. ती कधी इथे बघत नाही, पुलावर आली की पिशवीत काहीतरी शोधते. आज तिनं बघितलं. चाळीस मिनिटं ती बसली होती त्या बाकाकडे. आई पुण्याला परत जाऊन अकरा दिवस झाले होते तेव्हा. चाळीस मिनिटांचं दुःख म्हणून तिनं ते मनात घडी घालून ठेवलं होतं: थकलेली आई, झोप नाही, कोणी नाही, पाय आपोआप... पण थकलेली नव्हतेच मी. किती हलकी होते. एक म्हातारा कुत्रा घेऊन आला, म्हणाला, बरा दिवस आहे, आणि मी म्हणाले, हो, फारच. आणि त्याला माझ्याकडे बघून कळलं नाही की मी कोणाची आई आहे, मलाही कळत नव्हतं. घरी बाळ आहे हे आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं – एखाद्या ओळखीच्या घरी बाळ असावं तसं. मी सुखात होते. हा शब्द आज पहिल्यांदा... आणि मग दूध आलं. त्याची वेळ झाली होती, छातीला वेळ कळते. समोरून टॉप भिजला, दोन डाग मोठे होत गेले, अंगात जाकीट नव्हतं, आणि समोरून कॉलेजची पोरं येत होती. लाज वाटली. म्हणून उठले. तेवढ्याचसाठी. धावत जिना चढले, दार उघडलं, आणि –

मुक्ता कठड्याला धरून उभी राहिली.

– आणि आधी टॉप बदलला. मग बाळाकडे गेले.

बालवाडीच्या दाराशी आयांची रांग लागली होती, ओल्या टोप्या, ढकलगाड्या, कोणीतरी म्हणालं, "काय हवा ही, पण उघडतंय बाई," आणि मुक्ता म्हणाली, "ग्रँड." काचेतून आतली मुलं कोट घालताना दिसत होती. स्वराली एक हात बाहीत घालून दुसरी बाही शोधत गोल फिरत होती. तिला अजून आई दिसली नव्हती. इतकी वर्षं वाटत होतं की लोकांना कळेल. टेबलावरचा तो कागद सही करून दिला तर काय कळेल त्यांना? चाळीस मिनिटं. झोपलेलं बाळ. एकटी, परदेशात, थकलेली बिचारी. निमिष आधी चिडेल, मग रात्रभर गप्प बसेल, मग म्हणेल, मला सांगायचंस ना गं. सासूबाईसुद्धा सोसायटीच्या बायकांना सांगतील, पोरीनं फार सोसलं हो. सगळे तिला माफ करतील. माफ करून मोकळे होतील, आणि ज्याबद्दल माफी हवी होती ते सुख इथेच राहील, तिच्याजवळ, कुठल्याच कटमध्ये नसलेलं.

दार उघडलं. "Mammy, look, I've no arm!" रिकामी बाही हलवत स्वराली ओरडली. मुक्ता खाली बसली, हात बाहीत घालून दिला, बटणं लावली – एक, दोन, तीन – आणि चौथ्या बटणाशी तिच्या लक्षात आलं की आपली बोटं थरथरत नाहीयेत, त्या बाकावर होतो तितक्याच आपण आत्ता हलक्या आहोत. आणि तिला आजवर वाटली नव्हती अशी, अगदी थंड भीती वाटली.