बाटलीतली धूळ

आईला पाणी तपासणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा मी ते पाड्यावर घरोघरी वाचून दाखवलं. काही घरी दोनदा! 'भागाबाई' असं छापलेलं, वर गोल शिक्का. सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या पावरा आदिवासींच्या पाड्यावर असा कागद दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

महिन्याभरात त्याच कागदाने डोकं उठवलं.

काम तसं सोपं. छोट्या बाटलीत विहिरीचं पाणी भरायचं, झाकण लावून दोन दिवस उबेत ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात जंतू, नाही तर पाणी चांगलं. आईची बाटली नितळच राहिली. तिने रजिस्टरात लिहिलं, 'सुरक्षित'. आणि त्याच आठवड्यात पाड्यावर अकरा पोरांना हगवण लागली.

शेजारची कोकिळामावशी रोज टोमणा मारायची, "भागा, तुझ्या बाटलीलाच विचार ना, पोरं का हगतात!"

आई घागर उचलून आत आली. मला म्हणाली, "मला जमलं नाही असं सांगितलं तर काम काढून घेतील, पुनम."

"परत एकदा तपासून दाखव. मी बघते," मी म्हटलं. दहावीत आहे मी, विज्ञानाच्या प्रयोगांत पैकीच्या पैकी मार्क आहेत, उगाच नाही!

आईने बाटली उघडली, घोटभर पाणी घातलं, खळाखळा हलवलं आणि ओतून दिलं. मग भरायला लागली.

"आई! हे काय?"

"विसळली. आत धूळ होती."

आमच्याकडे भांडं विसळल्याशिवाय कुणी पाणी भरत नाही. पाहुण्याचा तांब्या तर त्याच्या डोळ्यांसमोर विसळतात. पण बाटलीवर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, ती धूळ म्हणजेच तपासणीचं औषध! शेवटची एक बाटली उरली होती. ती मी न विसळता भरली आणि गोधडीत गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर काळीकुट्ट.

रविवारी फैजपूरला दुसरं प्रशिक्षण होतं. ती बाटली दप्तरात घालून मी आईबरोबर गेले. वेगवेगळ्या पाड्यांवरच्या तीस बाया, आणि शिकवायला ललित सर. सर पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकवत होते, खाली सगळं इंग्रजी. पाण्याचं प्रशिक्षण, आणि अख्ख्या हॉलमध्ये पाणी कुठे? कोपऱ्यातल्या जारमध्ये, प्यायला!

मी उभी राहिले. आईने माझी ओढणी खेचली, तरी बोलले. बाटली दाखवली, विसळण्याचं सांगितलं.

सर वैतागले. "चौदाव्या स्लाइडवर स्पष्ट लिहिलंय, विसळू नये. यांना कितीदा सांगायचं?"

"सर, तुम्ही एकदा तरी बाटली भरून दाखवलीत का?"

मागून शेजारच्या पाड्यावरच्या मंदाबाई उठल्या. "भाऊ, मन्ही बी बाटलीमा धूळ व्हती. मी बी धुई टाकी."

"मीपण." "आम्हीपण." एकेक हात वर होत गेला. मी मोजले, सव्वीस!

म्हणजे सव्वीस पाड्यांचं पाणी कागदावर चांगलं.

सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "ते अहवाल वर गेलेत. आता बदलता येणार नाहीत. नवीन बाटल्या दोन महिन्यांनी येतील, तेव्हा बघू."

"तोवर पोरांनी काय प्यायचं, सर?"

"तू ट्रेनी आहेस का? खाली बस."

मी बसले नाही. रडू यायला लागलं, त्याचा आणखीच राग आला.

तेवढ्यात आईने पिशवीतून रजिस्टर काढलं आणि माझ्या कंपासमधलं पेन घेतलं.

"भागाबाई, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही," सर म्हणाले.

"काम काढून घ्या मग, भाऊ," आई म्हणाली, आणि 'सुरक्षित'वर तिने अशी काट मारली की ती खालच्या तीन पानांवर उमटली.

मंदाबाईंनी आपलं रजिस्टर उघडलं आणि हात पुढे केला. "ते पेन दे वं इकडे."