उरलेली इंजेक्शने

पियूषने गोणपाट उचलले आणि टॉर्चचा झोत खाली धरला. भुईमुगाला रानडुकरांपासून राखणारे झटका मशीन त्याखाली टक्‌टक् करीत होते. कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटके सोडत होते. शेजारची बॅटरी जुनाट होती. तिच्या एका टोकाला चिंधी बांधलेली होती.

"पाहून घ्या, भाऊ," मागून फुलसिंगचा आवाज आला. "तुमची असन त घेऊन जा."

पियूषच्या हातातले गोणपाट तसेच राहिले.

दिवस बुडताना लाइन गेली होती. ती जाणार हे शेतमालक फुलसिंगने दुपारीच पियूषला आणि त्याच्या बायकोला, गौरीला, सांगून ठेवले होते, आणि त्याची काळजीही नव्हती. लाइन गेली की त्यांच्या राहत्या व्हॅनमधली बॅटरी आपोआप काम करू लागे. आज मात्र दिवा गेला, पंखा थांबला आणि छोट्या फ्रिजची घरघर विझली. फ्रिजमध्ये गौरीची उरलेली इंजेक्शने होती. मूल व्हावे म्हणून चाललेला हा तिसरा उपचार. औषध उबले की वाया गेले, असे डॉक्टरांनी बजावले होते. हे सुयांचे दिवस घरच्यांच्या नजरांपासून दूर काढावेत, असे गौरीनेच सुचवले होते. म्हणून दारव्ह्याच्या अलीकडे, तांड्यालगतच्या या शेतात त्यांनी गाडी लावली होती.

बॅटरी किती दमाची, कितीला पडली, असे फुलसिंगने दुपारी विचारले होते. नंतर तो गाडीच्या मागच्या दाराशी वाकलेला दिसला होता. एवढ्याच दोन गोष्टींच्या आधाराने, बॅटरी यानेच काढून नेली असे धरून, गाडीचे मागचे दार उघडूनही न पाहता पियूषने हे शेत ओलांडले होते.

"मी सहज पाहत होतो," तो म्हणाला.

"सहज गोणपाट उचलते का कोनी? खाली साप असता त तोही सहजच चावला असता." फुलसिंग हसला, मग हसू आवरून म्हणाला, "दुपारी मी तुमची वायर पाहून राह्यलो होतो. उंदरानं कुरतडली असती, त तुम्ही म्हटलं असतं, तांड्यातल्यायनं कापली. चला आता, वैनीचं औषध खराब होईन."

त्याने खोपीतून दोन तारा जोडलेला बल्ब घेतला. गाडीपाशी येऊन मागचे दार उघडले आणि तारांची टोके बॅटरीला टेकवली. बल्ब लख्ख पेटला. गादीच्या काठावर बसलेल्या गौरीने डोळे मिटून घेतले.

"बॅटरी त फुल्ल हाय न! मंग काहून चालत नाई?"

पियूष आत चढला. वायरीवरून बोट फिरवीत तो गादीच्या उशाशी आला. तिथे, घडी केलेल्या गोधडीमागे, मेन स्विच होता. तो कधी बंद करावाच लागत नसे. पियूषने गोधडी हलवली नाही. नुसता मागे हात घातला. तांबडी मूठ आडवी होती, बंद. ती धक्क्याने फिरत नसे, दाबून फिरवावी लागे. आणि ही गोधडी सकाळी पायथ्याशी पडलेली होती.

गौरी त्याच्या हाताकडे पाहत होती. तिचा तळवा पोटावर, सुयांनी निळ्या पडलेल्या जागेवर होता. परवा त्याच जागेवर बोट फिरवीत तिने विचारले होते, ‘अजून किती?’ आणि त्याने तिला दिवस मोजून सांगितले होते.

"सापडलं का?" फुलसिंगने बाहेरून विचारले.

मूठ बोटांतच होती.

"नाही," पियूष म्हणाला. "आतली वायर जळलीय. आता यवतमाळला गेल्यावरच."

"मंग औषध द्या इकडं. माह्या घरी फ्रिज हाय, इन्व्हर्टर हाय. माही बायको नंदाबाई नीट ठेवन. लाइन आली की आनून देतो."

गौरीने चादरीचा काठ मुठीत धरला.

"नको."

"काहून?"

"नको. राहू द्या."

फुलसिंगने तारा काढून घेतल्या. गाडीत पुन्हा अंधार झाला.

"म्हंजे तुमचा वहीम काही फिटला नाई अजून," तो सावकाश म्हणाला. "बॅटरी दाखवली, तरी नाई."

पियूषच्या ओठांपर्यंत सारे आले होते. त्याने तांबड्या मुठीवरून हात काढून घेतला. ढेकळांवरून जाणारी पावले ऐकू येत राहिली. मग तीही ऐकू येईनाशी झाली.

"त्याला लागलं ते," गौरी म्हणाली.

"हो."

"उद्या सांग त्याला."

"काय सांगू?"

 तिने गोधडीची घडी मोडली आणि ती दोघांच्या पायांवर पसरली. मागची तांबडी मूठ उघडी पडली, तशीच आडवी. तिकडे कोणीच पाहिले नाही.