एकेचाळीस पुड्या

पुड्या बाबांनी स्वतः आणून दिल्या होत्या, एकेचाळीस. प्रत्येकीत डोंगरावरच्या एकेका झुडपाचं वाळवलेलं पान आणि वर त्यांच्या किरट्या अक्षरात कडा कुठला, उंची किती. पस्तीस वर्षं ते त्या डोंगरावर रखवालदार होते. नोकरी संपली, गुडघे गेले, पण बर्फाच्या जरा खाली उगवणारं, जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं ते झुडूप काही सुटलं नाही. आई त्याला सवत म्हणायची. "मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मोजून दहा होती," हे बाबांचं वाक्य मी बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकतेय.

त्यांना एकच ध्यास होता. झुडपाला बी धरायला हवं. का धरत नाही, ते आमच्या प्रयोगशाळेतलं मशीन सांगणार होतं.

मशीनने आठ दिवस घेतले. निकाल पडद्यावर आला आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या. एकेचाळीस नमुन्यांचा जनुकक्रम तंतोतंत एक. नक्की मीच माती खाल्ली, एकाच पानाचा अर्क सगळ्या नळ्यांत गेला. पुन्हा पानं कुटली, पुन्हा डीएनए काढला. पुन्हा तेच. आमच्या प्रमुख बाईंना मी मनातल्या मनात 'सुई' म्हणते, टोचल्याशिवाय बोलतच नाहीत. या वेळी मात्र त्या हळू बोलल्या.

"अगं, ही एकेचाळीस झुडपं नाहीतच. एकाच झुडपाचे तुकडे आहेत, आणि ते मादी आहे. नर कुठेच नाही, मग बी कुठून धरणार? एक रोग आला की सगळी एका दमात जातील."

घरी आले तर बाबा बुटांना मेण चोळत बसलेले.

"काय म्हणतंय माझं झाड?"

"आधी सांगा, एवढी वाढवलीत कशी?"

"त्यात काय! एक होतं जोमदार, मोठ्या फुलांचं. त्याच्या मुळ्या फोडायच्या आणि दुसऱ्या कड्यावर लावायच्या. बाकीची नऊ नुसती मरतुकडी. फुलं बारीक, पिवळी धूळ सांडायची, फळाचं नाव नाही. फुकट जागा अडवून बसलेली. टाकली उपटून."

आधी त्यांचाच राग आला, मग त्यांच्या साहेबांचा. वर्षातून एकदा यायचे, वाढलेला आकडा बघायचे आणि पाठ थोपटून जायचे. ती पिवळी धूळ म्हणजे नराचे पराग, हे एकानेही या माणसाला सांगितलं नाही.

"निकाल चांगला आहे," मी म्हणाले. "सगळी ठणठणीत आहेत."

"आणि बी?"

"धरेल हो."

बाबांनी फडकं खाली ठेवलं. "लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही अशीच कानाची पाळी ओढत उभी होतीस."

मी हात खाली घेतला, पण उशीर झाला होता.

"ती बारीक फुलांची हवी होती ना गं?"

"हो, बाबा."

त्यांनी बूट बाजूला सारले. मग मेणाच्या डबीचं झाकण लावलं.

"म्हणजे इतकी वर्षं ते तिथे एकटंच होतं," ते म्हणाले. "आणि मी मूर्ख दरवर्षी वर जाऊन त्याला सांगायचो, बघ, किती जण झालात तुम्ही."