बापाचा खळगा

मी एक जुनी गादी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मीही एके काळी नवी होते. उषाबाईंच्या लग्नात आंदण म्हणून मिळाले आणि दोरीने आवळून, पॅसेंजरमधून अमळनेरहून सुरतेला आले. साल १९९४ असेल. तिथल्या बमरोलीत लूमच्या कारखान्यामागे एक खोली, तेच आमचं घर.

उषाबाईंच्या नवऱ्याची, वाल्मिकभाऊंची, लूमवर कायम रातपाळी. सकाळी कापसाचे तंतू केसांत घेऊन येत आणि आडवे होत. खोलीत ऊन येत नसे, आणि कापूस फुलावा म्हणून मला बाहेर उन्हात कोण नेणार? हळूहळू माझ्या पोटात त्यांच्या पाठीएवढा खळगा पडला.

मग योगेंद्र जन्मला. झोळीत रडे, खळग्यात ठेवला की गप्प! बापाच्या अंगाचा वास येत असावा.

"योगीनी माय, देख! बापना खड्डामा कसा निजेल शे!" वाल्मिकभाऊ म्हणत.

"तुमनामायकच आळशी," उषाबाई लेकाला बापाच्या वळणावर घालत हसत.

कौतुक ऐकून मी फुलून जाई. पण योगी पालथा पडायला लागला. कडेला निजवला तरी घरंगळत खळग्यात येई, तोंड खाली. माझा जीव खालीवर होई.

एका संध्याकाळी वाल्मिकभाऊ पाळीवर निघून गेले होते, उषाबाई भाकरी थापत होत्या. योगीचं नाक माझ्या कापसात रुतलं. जरा कुरकुरला, मग तेही नाही. किती ताठ व्हायचा प्रयत्न केला मी! मऊ गादीच्या हातात काय असतं?

ती शांतताच उषाबाईंना टोचली. पिठाच्या हातांनी त्यांनी त्याला उचललं. ओठ निळे. पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे त्याने भोकाड पसरलं.

सकाळी ऐकून वाल्मिकभाऊ नवी गादी आणायला निघाले. म्हणाले, "फोमनी गादी लई येसू. मऊ मऊ."

"मऊच तर नडनं आपले! दाबी देखा. उठस का खड्डा?" उषाबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

वाल्मिकभाऊंनी माझ्यावर तळवा दाबला. ठसा तसाच राहिला. त्यांनी मला डोक्यावर घेतलं आणि कापूस पिंजून घट्ट भरायला पिंजाऱ्याकडे नेलं.

मी परत आले ती सपाट, घट्ट. बापाचा वास गेला, तसा योगी मला ओळखेना; रडून रडून बेजार. पुन्हा खळगा पडू नये म्हणून तेव्हापासून वाल्मिकभाऊ चटईवर झोपायला लागले. माझ्यावर ते पुन्हा कधी टेकले नाहीत. पाळीवर जाण्याआधी जमिनीवर बसत आणि पोराचा डोळा लागेपर्यंत त्याच्या छातीवर हात ठेवत.

मित्रांनो, मऊ म्हणजेच माया, असं मलाही वाटायचं. तान्ह्यासाठी गादी घ्याल तेव्हा गाल टेकवून नका बघू, तळवा दाबून बघा. आणि आम्हाला अधूनमधून ऊन दाखवा.

बाकी वासाचं म्हणाल, तर तो बापाच्या हातालाही असतो.